आधी द्यायचं औषध

ताईच्या धाकट्या बहिणीचा नवरा फोटोंच्या चौकटी बनवायचा. एका तीनमजली इमारतीच्या तळघरात त्याचं दुकान होतं. पुढे काउंटर, मागे काचा, लाकडी पट्ट्यांचे गठ्ठे आणि पट्ट्या तिरक्या कापायचं यंत्र. कोणाच्याही घरी गेला की बसायच्या आधी तो भिंतीवरचा कललेला फोटो सरळ करणार. लग्नानंतर पहिल्यांदा सासरवाडीला जेवायला आला, तेव्हा सासूबाईंची विचारपूस करायच्या आधी त्याने दिवंगत सासऱ्यांचा फोटो सरळ केला. ताईने तिथल्या तिथे त्याचं नाव काटकोन ठेवलं आणि ते त्याला चिकटलं. त्याची बायकोसुद्धा चिडली की म्हणायची, "काटकोना, आता माणसात ये." तिला स्वतःला घरात सगळे छोटीच म्हणत, चाळिशी जवळ आली तरी.

ताई एका संशोधन संस्थेत मेंदूवर काम करायची. उंदरांच्या मेंदूवर. उंदराच्या मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी थोडा वेळ बंद करायची, मग सोडायची, आणि दुसऱ्या दिवशी मेंदूच्या पातळ चकत्या रंगात बुडवून पाहायच्या. जिवंत भाग लाल होतो, मेलेला पांढरा राहतो. रक्त थांबलं की पेशी मरतात हे कोणालाही कळतं. ताईचं काम पुढचं होतं. रक्त परत आल्यावरही पेशी मरत राहतात. उपाशी पेशींना एकदम ऑक्सिजन मिळाला की तो पचत नाही, त्यातून बिथरलेले कण तयार होतात आणि ते पेशीच्या आवरणाचे, आतल्या चरबीचे लचके तोडत सुटतात. लोखंड गंजतं तसंच, पण झपाट्याने. या कणांना आवरणारी द्रव्यं शरीरात असतात, मात्र अशा वेळी ती पुरी पडत नाहीत. ताईच्या गटाने तसंच एक द्रव्य बाहेरून द्यायला तयार केलं होतं. ते उंदराला टोचलं की पांढरा भाग निम्म्याहून लहान व्हायचा. अट एकच, आधी टोचायला हवं.

"आधी म्हणजे कधी?" काटकोनाने एकदा जेवताना विचारलं होतं.

"रक्तवाहिनी बंद करायच्या आधी."

"म्हणजे उंदराला निरोप धाडायचा, बाबा रे, उद्या तुला झटका येणार आहे, आजच औषध घेऊन जा. असंच ना ताई?"

सगळे हसले. ताईसुद्धा हसली, पण मनातून जरा चरकली. एका परिषदेत एका वयस्कर प्राध्यापकांनी तिला हाच प्रश्न विचारला होता, आणि ते हसत नव्हते.

अपघात झाला तो भर दुपारी. एका हॉटेलच्या खोल्यांसाठी चौकटींची मोठी ऑर्डर होती आणि वीज गेली. काटकोनाने कुठूनतरी जनरेटर आणला आणि तळघराच्या जिन्याखाली ठेवला. आवाजाने वरचे भाडेकरू ओरडायला लागले, म्हणून त्याने तो दुकानात ओढून घेतला, शटर अर्ध्याहून खाली ओढलं आणि आत काम करत बसला. जनरेटरच्या धुरातला जो वायू माणसाला मारतो त्याला वास नसतो की रंग. डोकं जड होतं, झोप येतेय असं वाटतं, आणि मग खरंच येते. शेजारच्या दुकानातला शिंपी सुट्टे पैसे मागायला आला नसता तर तो तिथेच संपला असता. शिंप्याने शटर उचललं, पाय धरून त्याला ओढत जिन्यावर आणलं आणि बोंब ठोकली.

ताई इस्पितळात पोचली तेव्हा त्याच्या तोंडावर मास्क होता आणि ऑक्सिजन जोरात सुरू होता. छोटी कठड्याला धरून उभी होती. ताईला आपल्या धंद्याची सवय नडली. बाकीच्यांना त्या नळीतून प्राण परत येताना दिसत होता. तो तिलाही दिसत होता, पण त्याच्या मागून काय येतं तेही तिला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी काटकोनाने डोळे उघडले. छोटीला ओळखलं. सासूबाई दिसल्यावर म्हणाला, "आई, तुम्ही कशाला आलात? जिने आहेत इथे." मग पलंगासमोरच्या सूचनेच्या पाटीकडे बघून म्हणाला, "ती पाटी कोणी लावली? डावीकडून खाली आलीय." छोटी हसता हसता रडायला लागली. काही दिवसांनी तो घरी गेला.

निघताना मेंदूच्या डॉक्टरांनी, मध्यमवयीन शांत बाई होत्या त्या, छोटीला कागदपत्रं दिली आणि ताईला बाजूला घेतलं. "तुम्हाला माहीतच असेल. काहींना हा मधला काळ चांगला जातो आणि मग बिघडतं. सगळ्यांना नाही."

"किती जणांना?"

"थोड्यांना. ज्यांची बेशुद्धी लांबते त्यांना जास्त. लक्ष ठेवा, एवढंच."

ताईने त्याच संध्याकाळी छोटीला हे सांगितलं. छोटी पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून तिने बहिणीकडे पाहिलं. "शुभ बोल नाऱ्या! आत्ता कुठे घरात पाय ठेवलाय त्याने."

"मी घाबरवत नाहीये. फक्त—"

"मग काय करतेयस?"

ताईला जे कळलं होतं ते तिला नीट सांगता येईना. विष उतरतं, पण आतल्या तारांवरची आवरणं आधीच कुरतडली गेलेली असतात. ती लगेच पडत नाहीत. वाळवी लागलेलं दार बरेच दिवस उघडतं-मिटतं, तसं चालतं, आणि एके दिवशी हात लावल्यावर भुसा हातात येतो. हे तिने सांगितलं नाही. ती म्हणाली, "मी काही गोळ्या आणते. त्या घेऊ दे त्याला."

गोळ्या साध्याच होत्या, कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या. दोन जीवनसत्त्वं, आणि कफ पातळ करायला देतात ती पाण्यात विरघळणारी पांढरी गोळी. तिच्यातून शरीराला बिथरलेले कण आवरायचं द्रव्य बनवता येतं. डॉक्टरबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "नुकसान नाही. फायद्याचं मी सांगत नाही." ताईने ते शब्द जसेच्या तसे ऐकले. आणि तरीसुद्धा, आयुष्यभर आकडे पाहून बोलणाऱ्या ताईच्या मनात एक गोष्ट घर करून बसली. बिघाड अजून दिसलेला नाही, म्हणजे आपण अजून 'आधी'च आहोत.

काटकोन ग्लास नाकाशी धरून म्हणायचा, "सडक्या अंड्याचं सरबत! ताई, तुमचे उंदीर हेच पितात? बिचारे." आणि एका घोटात संपवायचा. तो दुकानात जायला लागला. जनरेटर परत गेला होता, हॉटेलवाल्यांनी मुदत वाढवून दिली होती. छोटी डोळे तपासायच्या दुकानात कामाला होती, ती पुन्हा कामावर रुजू झाली. आईने ताईला सांगितलं, "बघ, उगाच तू जीव टांगणीला लावलास." ताईला हे ऐकून इतकं बरं वाटलं की तिने आईचा हात घट्ट धरला.

मग हॉटेलचा माणूस चौकटी परत घेऊन आला.

छोटीने ताईला फोन करून बोलावलं. काउंटरवर पाच-सहा चौकटी पडल्या होत्या. एकीचाही कोपरा जुळत नव्हता. फटीतून बोट जाईल अशी अंतरं. काटकोन त्यांच्यासमोर स्टुलावर बसला होता आणि अगदी प्रसन्न दिसत होता.

"अरे, हे काय झालं?" ताईने विचारलं.

"काय?"

"हे कोपरे."

त्याने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "छान आहेत," तो म्हणाला.

छोटी तोंडावर हात ठेवून मागच्या बाजूला निघून गेली. ताई तिथेच उभी राहिली. तिने एक चौकट उचलून त्याच्या हातात दिली, शाळेतली बाई पोराला पाटी देते तशी. त्याने ती उलटी धरली.

त्यानंतर फार वेळ लागला नाही. तो शर्टाच्या बाहीत पाय घालायला लागला. जेवताना घास तोंडाशी नेऊन तिथेच थांबायचा. एकदा मोरीत न जाता कपाटाजवळ उभा राहून लघवी केली आणि छोटी पुसत असताना तिच्याकडे हसून पाहिलं. पावलं लहान झाली, मग जमिनीला चिकटली. बोलणं आटत गेलं. आधी वाक्यं गेली, मग शब्द, मग हाक मारली की वळून बघणं. पुन्हा इस्पितळ, पुन्हा यंत्रात डोकं. डॉक्टरबाईंनी चित्र उजेडावर धरलं. मेंदूच्या आतला, जिथून सगळ्या तारा जातात तो भाग दोन्हीकडे पांढरा झाला होता. ताईने असा पांढरा रंग हजारदा पाहिला होता. तिला वाटलं, आपण कुठेतरी बसायला हवं, आणि खुर्ची मागेच असूनही ती सापडेना.

"गोळ्या देत होतो आम्ही," छोटी म्हणाली. "रोज देत होतो. एक दिवस चुकवला नाही."

"तुम्ही काही चुकलेलं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "काही जण यातून थोडेफार परत येतात. वाट पाहायची."

वाट पाहिली. काटकोन घरी आला तो खाटेवरच. छोटीने नोकरी सोडली. एका दुपारी ताई भेटायला गेली तेव्हा छोटीने तिला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटून घेतलं.

"तुझ्या प्रयोगशाळेतलं ते औषध दे."

"छोटी, ते औषध नाहीये."

"उंदीर वाचतात ना त्याने?"

"आधी दिलं तर. आणि माणसाला किती द्यायचं, माणसाच्या यकृताचं काय होईल, कोणालाच माहीत नाही. कोणाला दिलेलंच नाही."

"मग याला दे. याचं आता काय बिघडायचं राहिलंय?" छोटीचा आवाज चढला नाही, उलट अगदी खाली गेला. "इतकी वर्षं आम्ही लोकांना सांगतोय, आमची ताई मेंदू वाचवायचं औषध शोधतेय. आईने सांगितलं नाही असं एक घर नाही. ते सगळं काय होतं गं?"

ताई दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांकडे गेली. सर निवृत्तीला आले होते, त्यांच्या हाताखाली ती शिकली होती. तिने सगळं सांगितलं आणि औषध मागितलं नाही, तरी सरांना कळलं.

"देता येणार नाही," ते म्हणाले. "तुरुंगाच्या भीतीने नाही म्हणत. कामाचं नाही म्हणून म्हणतोय. मी या धंद्यात आलो तेव्हापासून अशी कितीतरी द्रव्यं पाहिली. उंदरात जादू, माणसात शून्य. मोठमोठ्या चाचण्या झाल्या, हजारो रुग्ण. शून्य. आपण दर वेळी म्हणतो, हे वेगळं आहे."

"उशिरा देऊन कोणी पाहिलंय का, सर? गॅसच्या विषबाधेत, मधला काळ उलटल्यावर?"

"आपण नाही पाहिलं."

"मी पाहू?"

सरांनी टेबलावरची पेन्सिल उचलून खणात ठेवली. "पाहा. पण कोणासाठी पाहतेयस ते मला सांगू नकोस."

ताईने तो प्रयोग मांडला. उंदरांना मोजून वायू दिला, ते सावरले, मग त्यातले बरेच बिघडले. पोहून पाण्याखालचा लपलेला चौथरा शोधायला त्यांना आधी शिकवलं होतं, तो त्यांना सापडेना. हौदात गोल गोल फिरत राहिले. मग काहींना औषध दिलं, काहींना नुसतं मिठाचं पाणी. कुठल्या पिंजऱ्याला काय दिलं हे फक्त सहायक मुलीला माहीत होतं, कारण ताईला स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा नव्हता. तिला ठाऊक होतं, आपण काठावरच्या प्रत्येक उंदराला पास करू.

हे सगळं होईपर्यंत छोटी दर भेटीत एकच विचारायची. काटकोनाच्या तोंडात चमच्याने पेज सोडता सोडता, मान न वळवता. "उंदरांचं काय झालं?"

"चालू आहे अजून."

"बरे होतायत का?"

"एक-दोन पोहायला लागलेत."

"बघ!" छोटी नवऱ्याच्या कानाशी वाकून म्हणायची, "ऐकलंस का रे? पोहायला लागलेत." त्याची नजर छतावरून हलायची नाही. पेज ओठाच्या कोपऱ्यातून खाली यायची आणि ती टॉवेलने टिपायची. ताईला तिथून पळून जावंसं वाटायचं. एक-दोन उंदीर पोहत होते हे खरं होतं. मिठाच्या पाण्यावरचेही पोहत असतील, हेही तितकंच शक्य होतं, आणि ते तिने सांगितलं नव्हतं.

निकालाच्या दिवशी सहायक मुलीने पिंजऱ्यांच्या खुणा सांगितल्या आणि ताईने आकडे मांडले. औषधाचे उंदीर आणि मिठाच्या पाण्याचे उंदीर एका ओळीत उभे केले तर कोण कुठला ते त्यांच्या आईलाही सांगता आलं नसतं. ताईने चकत्या पुन्हा पाहिल्या. मग मुलीला पाहायला लावल्या. मुलगी म्हणाली, "मॅडम, पांढरं तेवढंच आहे." ताई म्हणाली, "हो." आणि हातमोजे काढायचं विसरून तशीच बसस्टॉपपर्यंत चालत गेली.

छोटीने दार उघडलं, बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं आणि आत वळली. दोघी स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. ताईने सांगायला सुरुवात केली, समजावून, सोप्या शब्दांत, पेशी, आवरणं, वेळ निघून गेलेली.

"ताई," छोटी मध्येच म्हणाली. "नाही म्हण नुसतं."

"नाही," ताई म्हणाली.

छोटीने फडताळातला गोळ्यांचा डबा काढला आणि कचऱ्यात टाकला. झाकण उघडलं, पांढऱ्या गोळ्या भाजीच्या सालींवर पसरल्या. मग ती म्हणाली, "तू खोटं बोलली असतीस तरी चाललं असतं मला. थोडे दिवस." आणि त्यानंतर, जणू काही मधे घडलंच नाही अशा आवाजात, "त्याला कुशीवर वळवायचंय. पाठीला जखम होतेय. एकटीला उचलवत नाही. धरतेस?"

ताईने खांदे धरले, छोटीने कंबर. उचलताना ताईच्या लक्षात आलं, तो किती हलका झालाय. आणि तरीही किती जड आहे.

ती मग रोज यायला लागली, कामावरून सुटल्यावर. आता कोणी उंदरांचं विचारत नव्हतं. आई दाराशी खुर्ची टाकून बसायची. दुकान गेलं. शिंप्याने भाड्याने घेतलं, त्याला जागा हवीच होती. तो स्वतः किल्ली न्यायला आला, खाटेपाशी उभा राहिला आणि म्हणाला, "मी थोडा आधी गेलो असतो तर..." छोटी त्याला म्हणाली, "तुम्ही गेलात म्हणून तर हा इथे आहे." शिंप्याने मान हलवली. हे आभार होते की दुसरं काही, ते त्याला कळलं नसावं. ताईलाही कळलं नाही.

थंडी पडली आणि काटकोनाच्या छातीत कफ भरला. गिळताना घास श्वासनळीत जात होता. इस्पितळात पुन्हा तोच मास्क, तोच भिंतीतल्या नळाचा फसफसणारा आवाज. डॉक्टरबाईंनी दोघींना बाहेर घेतलं. "श्वास थकलाय त्याचा. घशात नळी घालून यंत्रावर ठेवता येईल. यातून निघेल की नाही सांगता येत नाही. आणि निघाला, तर होता तसाच."

छोटी भिंतीला टेकली. "ताई, तू सांग."

"छोटी, हे मी कसं..."

"तूच सांग. मी आयुष्यभर ते माझ्या डोक्यावर घेऊन जगू शकत नाही. तू शिकलीयेस ना यातलं?"

दुरून कोणाच्या तरी चपलांचा आवाज जवळ आला आणि निघून गेला. ताईने डॉक्टरबाईंकडे पाहिलं. त्या खाली बघत होत्या. शिक्षण, वाचन, इतक्या वर्षांचं काम, यातलं काहीही त्या क्षणी तिच्या मदतीला आलं नाही. तिथे फक्त एक थकलेली थोरली बहीण उभी होती.

"नको," ती म्हणाली. "नळी नको."

तो पहाट व्हायच्या आत गेला. छोटीचा हात त्याच्या कपाळावर होता.

चार दिवसांनी दोघी त्याच्या खाटेवरची रबरी चादर मोरीत धूत होत्या. एक टोक छोटीकडे, एक ताईकडे. साबणाचं पाणी पायावरून वाहत होतं. छोटीने वर न पाहता विचारलं, "त्याला कळत होतं का गं? शेवटी शेवटी. मी बोलायचे ते?"

ताईचा हात थांबला. हो म्हणणं सोपं होतं, आणि मागच्या वेळी छोटीला खोटंही चाललं असतं. पण कळत होतं म्हटलं, तर इतके महिने तो त्या अंगात कोंडून होता असं होत होतं. नाही म्हटलं, तर छोटी इतके महिने कोणाशीच बोलत नव्हती.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"कोणालाच माहीत नाही?"

"कोणालाच नाही."

छोटीने मान डोलावली. दोघींनी चादर उभी धरली, पिळायला म्हणून उलट दिशांना वळवली. पण रबर पिळलं जात नाही. पाणी नुसतंच घरंगळून खाली गेलं.